हातांतली छडी

परवां पनवेलला घरीं नातवानें १९८३ सालच्या 'अर्धसत्य' चित्रपटाची तबकडी लावली. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. यांतला फौजदार अनंत वेलणकर लांच घेत नाहीं. पण क्रोधाच्या भरांत कोठडींतल्या भुरट्या चोराला मारून टाकतो, आणि मग स्वतःच्या बचावासाठीं रामा शेट्टी या गुंडाच्याच दारीं जातो.

ओम पुरींचा तो उगारलेला हात पाहिला आणि मला माझी छडी आठवली. मींहि आयुष्यांत एका पैशाची लांच घेतली नाहीं. पण घरचा राग शिस्तीच्या नांवाखालीं मुलांच्या हातांवर किती वेळां काढला! षड्रिपूंत क्रोध लोभाच्या आधीं कां मोजला आहे, हें या मास्तराला साठी उलटल्यावर उमगलें.