समुद्र, गाव आणि ‘प्रश्न’

तर झालं असं, की २६ जानेवारी सोमवारी आली. शनिवार, रविवार, सोमवार! हिंजवडीत काम करणाऱ्या माणसाला असा वीकेण्ड म्हणजे लॉटरीच. ऑफिसात महिनाभर आधीपासून ‘कुठे चाललात?’ सुरू होतं आणि ‘घरीच’ म्हटलं की पब्लिक आपल्याकडे दयेनं बघतं.

आमच्याकडे यावर एक्सेल शीट निघाली. (नवरा-बायको दोघंही आयटीत असले की भांडणंसुद्धा शीटवर होतात.) दोन कॉलम. एक दिवेआगर, दुसरा येडगाव. दिवेआगरला बीचजवळ एसी रूम, रात्रीचे दोन हजार, नाश्ता त्यातच. ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव, म्हसळा, की समुद्र. येडगाव म्हणजे माझ्या मामाचं गाव. जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या शेजारी. राहण्याचा खर्च शून्य, जेवणाचा शून्य, मामीला साडी आणि आजीला मऊ बर्फी. पेट्रोलही कमी. हिशेबात येडगाव सॉलिड पुढे होतं.

मग नवऱ्यानं खाली अजून एक ओळ टाकली : ‘प्रश्न’. दिवेआगर : ०. येडगाव : १००+.

मी हसले, पण खरी ओळ तीच होती. लग्नाला पाच वर्षं झालेल्या जोडप्याला गावात काय विचारतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आदल्या वर्षीच्या जानेवारीत आम्ही दिवेआगरलाच गेलो होतो. त्याच्या महिनाभर आधी हॉस्पिटलमधून रिकाम्या हातानं घरी आलो होतो. चौथा महिना लागला होता. घरी फक्त आईला माहीत होतं, ऑफिसात ‘व्हायरल’ सांगितलं. आणि तेव्हा मला समुद्र जाम आवडला होता, कारण तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. रूमवाल्या काकू फक्त ‘व्हेज की नॉनव्हेज?’ एवढंच विचारायच्या. चारेक किलोमीटरचा किनारा, मागे सुरूची झाडं. शेजारच्या रूममधला ग्रुप रात्री दोनपर्यंत स्पीकर लावून बसायचा, तेही मला चाललं. आवाज असला की बोलावं लागत नाही.

काकूंच्या वाडीत सुपारीची रोपं होती, माणसाएवढी. ‘जुनी झाडं कुठे गेली?’ असं मीच एकदा विचारलं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ तिथंच किनाऱ्यावर आलं, अर्ध्या दिवसात वाडी आडवी झाली. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर रूमवर भागवायचं, असं त्या ताटं उचलता उचलता म्हणाल्या. आपण ज्याला ‘स्वस्त आणि मस्त’ म्हणतो, ते असं असतं.

तीन दिवस आम्ही दोघं शेजारी बसून पाणी बघत होतो. झालेल्या गोष्टीवर एक शब्द नाही. परत आलो तेव्हा फोटो छान होते. त्यानंतर वर्षभर आम्ही तसेच होतो. भांडण नाही, काही नाही, फक्त शीट.

यंदाही दिवेआगर बुक होणारच होतं. तेवढ्यात मामाचा फोन आला. आजी पडली होती. हाड वाचलं होतं, पण ‘एकदा तोंड दाखवून जा’ म्हणाला. आजी चौऱ्याऐंशीची. नवऱ्यानं काही न बोलता दिवेआगरचा कॉलम डिलीट केला.

चाकणच्या ट्रॅफिकबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहिण्यासारखं प्रिंट होत नाही.

आता ‘शांत खेडं’ म्हणजे काय, ते सांगते. येडगावला कुकडी नदीवर धरण आहे, १९७७चं. माणिकडोह, वडज, डिंभे अशा वरच्या धरणांचं पाणी इथं येतं आणि डाव्या कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, थेट करमाळ्यापर्यंत जातं. मामाचं आवडतं वाक्य, ‘धरण आमच्या उशाला आन् पानी करमाळ्याला.’ (तरी त्याचा ऊस हिरवागार होता, हे मी नोंदवून ठेवते.) पाणी आलं तसा ऊस आला आणि उसाच्या आडोशाला बिबट्या आला. आता तो तिथंच जन्मतो, तिथंच वाढतो. सात वाजले की मामी पोरांना आत ओढते, दाराला कडी. तेव्हा जी शांतता पसरते ती तुमच्या-माझ्यासाठी शांतता. मामीचं लक्ष सगळं गोठ्याकडे.

नवऱ्याला मात्र खोडद भेटलं. तिथल्या जीएमआरटीच्या मोठ्या डिश रस्त्यावरूनच दिसतात. अशा एकूण तीस, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओलहरी टिपायच्या, म्हणून डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रेडिओचा गोंगाट कमी असलेला हा भाग निवडला. गडी अर्धा तास गाडीला टेकून उभा! ‘बघ, शास्त्रज्ञसुद्धा शांततेसाठी तुझ्या मामाच्या गावाजवळ आले,’ म्हणाला.

त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. साडेदहाला मामा बॅटरी आणि रेडिओ घेऊन कांद्याला पाणी द्यायला निघाला. रेडिओ मोठ्यानं लावायचा, म्हणजे बिबट्याला माणसाची चाहूल लागते. नवरा म्हणाला, ‘मामा, मी येतो.’ माझ्या पोटात गोळा! पण मामानं त्याच्या हातात काठीही दिली होती.

मी आजीजवळ गोधडीत शिरले. आणि आलाच तो प्रश्न.

‘काय गं, अजून काहीच न्हाई?’

वर्षभर मी उत्तर तयार ठेवलं होतं. ‘करिअर आहे ना आजी सध्या.’ ते तोंडातून आलंच नाही. दुसरंच आलं, चौथ्या महिन्यापासून सगळं. आजीनं मधे एकदाही ‘अगंबाई’ केलं नाही. माझं झाल्यावर म्हणाली, ‘तुझ्या आयच्या आदी माजी दोन गेली. एक तर बारा दिसांची व्हती. नाव ठिवायचंच राह्यलं.’

मला हे माहीत नव्हतं. आईनं कधी सांगितलं नव्हतं. कदाचित तिलाही माहीत नसेल.

‘मग?’

‘मग काय. नदीकडंला पुरली. आंब्याखाली. पुढं धरण आलं.’

मामा आणि नवरा दोनला परतले. नवऱ्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल. तो हातपाय धुऊन माझ्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, ‘मामांना सांगितलं मी.’

‘काय?’

‘सगळं. त्यांनी विचारलं, काय जावईबापू, आनंदाची बातमी कधी? मी हो-हो करणार होतो... आणि रडलोच यार. रेडिओ चालू होता म्हणून बरं.’

तो रडला होता. वर्षभरात मी त्याला एकदाही रडताना बघितलं नव्हतं आणि त्यानं मला. मला वाटत होतं, त्याला काहीच झालं नाही. त्याला वाटत होतं, मला विषयच नको आहे. कोंबडा आरवेपर्यंत आम्ही ओसरीवर कुजबुजत होतो. त्यात दोनदा भांडलोसुद्धा, फार बरं वाटलं.

म्हणजे येडगाव चांगलं आणि दिवेआगर वाईट, असं मी म्हणत नाहीये. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंनी मला अंगारा, एक डॉक्टर आणि एक उपास असं पॅकेज दिलं, तेव्हा मला त्या एसी रूमची तीव्र आठवण झाली. हिशेबात शंभर लिहिले होते ते कमीच पडले.

निघायच्या सकाळी आजीनं धरणाच्या काठी न्यायला लावलं. गाडीतून उतरली, काठी उचलून पाण्याकडे दाखवलं. ‘तितं. न्हाई, थोडं अलीकडं.’ पाण्यावर धुकं होतं, मला काहीच दिसलं नाही. ‘मे महिन्यात पानी उतरतं,’ ती म्हणाली. ‘तवा ये. दावते.’

मे महिन्यात आमची ऑफिसची गँग दिवेआगरला चाललीय, दोन हजारात, नाश्त्यासकट. आम्ही येत नाही, असं कळवलंय. डिकीत मामीनं दिलेले कांदे अजून पडून आहेत, कुणाला हवे असले तर सांगा.