गाडी तगीरी!

मराठीत 'गाडी गॅरेजला आहे' म्हटलं की समोरचा विचारतो, काय झालं तिला? इंग्रजी सिनेमातला माणूस हेच वाक्य बोलतो तेव्हा त्याची गाडी छपराखाली सुखरूप झोपलेली असते. शब्द मूळचा फ्रेंच. 'गारे' म्हणजे आडोशाला लावणं, जपून ठेवणं. २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याही आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन लावायची जागा. आपण मात्र हा शब्द घेतला आणि त्यातून गाडीची झोप काढून टाकली. आपल्याकडे गॅरेज म्हणजे जिथं काळ्या हाताचा माणूस पाना घेऊन बसलाय ती जागा. गाडी ठेवायच्या जागेला मग आपण 'पार्किंग' म्हणू लागलो.

मैंदर्गीतल्या आमच्या घराला छप्पर आणि तीन भिंती असलेली अशी एक जागा आहे. चौथ्या बाजूला शटर. नगरपरिषदेला दिलेल्या नकाशात तिच्यावर 'पार्किंग' लिहिलंय. प्रत्यक्षात तिथं अण्णा मोटारी भरतात. आमच्याकडं रिवायंडिंगला 'मोटार भरणं' म्हणतात. विहिरीवरची, बोअरची जळालेली मोटार येते, अण्णा जळकं तांबं काढून नवं भरतात. माझी गाडी बाहेर, गल्लीत.

मैंदर्गी अक्कलकोट-दुधनी रस्त्यावर आहे. एका तालुक्यात अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी अशा तीन नगरपरिषदा, आणि थोडं पुढं गेलं की कर्नाटक. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि भांडण दोन्हींत. म्हणून माझ्या गाडीला उद्देशून सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य कन्नड आहे: गाडी तगीरी! काढा गाडी.

घर बांधलं तेव्हा मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. कर्ज माझ्या नावावर, देखरेख अण्णांची. स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी मी पुण्याहून आलो, तर पार्किंगच्या स्लॅबच्या सळ्यांत गवंडी एक जाडजूड लोखंडी हुक बांधत होता. कशाला, विचारलं. 'अण्णांनी सांगितलंय की ओ.' पार्किंगला थ्री फेजचं वेगळं मीटर कशाला, याचंही उत्तर तेच. हुकाला चेन ब्लॉक लागतो आणि चेन ब्लॉकनं मोटार उचलतात, हे मला वास्तुशांतीनंतर आठव्या दिवशी दिसलं. अण्णांनी पेठेतलं भाड्याचं दुकान रिकामं करून सगळं सामान आणून शटरमागं मांडलं होतं. माझ्याकडं तेव्हा गाडी नव्हती, त्यामुळं कुणाला काही खटकायचं कारणही नव्हतं.

ते काम एकदा नीट बघा. मोटार उघडली की अण्णा आधी नुसतं बघतात. स्टेटरच्या चोवीस खाचा. तीनपैकी दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि एक कोरी असेल तर एक फेज गेला होता. शेतकऱ्याला कळलं नाही, मोटार घुमत राहिली, उरलेल्या दोघांवर भार आला आणि त्या जळाल्या. सगळंच सारखं जळालं असेल तर बहुतेक व्होल्टेज कमी किंवा पंप जाम. आमच्या कंपनीत सर्व्हर पडला की आम्ही चार माणसं बसून दोन तास लॉग वाचतो आणि वर त्याचा अहवाल लिहितो. अण्णांचा लॉग म्हणजे तो काळा रंग. मग फेरे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, जुनं तांबं छिन्नीनं तोडून उपसायचं, खाचा घासायच्या, प्रत्येक खाचेत कागद घालायचा, साच्यावर गुंडाळलेल्या नव्या कॉइल हातानं एकेक तार करत बसवायच्या, वरून बांबूची पट्टी ठोकायची, सुतळीनं बांधायचं, व्हार्निश ओतायचं आणि वाळवायचं. या वाळवण्यात धूळ चालत नाही आणि ओल तर अजिबात नाही. मी एकदा म्हटलं, पावसाळ्यापुरती तरी गाडी आत घेऊ, स्टेटर बाहेर ताडपत्रीखाली ठेवा. अण्णा म्हणाले, 'गाडीला काय हुतंय? पत्राच हाय की. स्टेटर भिजला तर त्याचं पीक जातंय.'

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. रब्बीत, ज्वारी-हरभरा पाण्यावर आलेला असताना मोटार जळाली की शेतकऱ्याच्या हातात तीन-चार दिवस असतात. शेतीच्या थ्री फेज लायटीची पाळी आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री अशी फिरते. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटारी रात्री जळतात आणि पहाटे चारला टेंपोतून आमच्या दारात येतात. दुकान पेठेत असताना ती माणसं कट्ट्यावर उजाडायची वाट बघत बसायची. आता शटर वाजवतात, आई चहा ठेवते.

तर गाडी. मी महिन्यातले दहा-बारा दिवस मैंदर्गीतून काम करतो, तेव्हा ती माझ्याबरोबर येते. गल्ली बारा फूट. गाडी आरशांसकट सहा फुटांच्या आसपास. उरलेल्या सहा फुटांतून मोटारसायकल जाते, म्हैस जाते, नवीन सुनेची ओळख करून द्यायला निघालेला बायकांचा घोळकाही जातो. तूर भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली जात नाही. मग मी मीटिंगमध्ये म्यूट करून खाली पळतो. शिवाय आमची गल्ली गाडीला वाहन मानतच नाही. ती एक उंचवटा आहे. बॉनेट कोमट असतं म्हणून मांजर, टप उंच असतो म्हणून शेळी. कव्हर घातलं तर त्यावर कुरडया वाळत घातलेल्या मिळाल्या. उंदरांनी एकदा वायरिंग कुरतडलं, तेव्हापासून बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या ठेवतो. एसी लावला की गाडीत आजीच्या ट्रंकेचा वास येतो.

'गॅरेजमध्ये कंपनी सुरू झाली' ही आमच्या धंद्यातली पुराणकथा. पालो आल्टोच्या ३६७, ॲडिसन ॲव्हेन्यूमागचं ते बारा बाय अठरा फुटांचं गॅरेज, ज्यात १९३८-३९ मध्ये ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी ऑसिलेटर बनवले, ते १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाचं ऐतिहासिक स्थळ जाहीर झालं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रत्येक पाहुणा वक्ता ही गोष्ट सांगायचा. त्या गोष्टीत गाडीला कुठं हलवलं हे कुणीच सांगत नाही. रस्ते रुंद होते, गाडी हा तिथं प्रश्नच नसणार. आणि अण्णांच्या बारा बाय अठराला कुणी गॅरेज स्टार्टअप म्हणायला आलं नाही. त्याला 'राहत्या घरात धंदा' म्हणतात.

सोलापूर जिल्ह्यात त्याचं कुणाला नवल नाही. शहराच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या घर आणि माग एकाच छपराखाली राहिले. आधी हातमाग, मग यंत्रमाग. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यातला बराचसा कपडा असल्याच घरांतून निघाला, जिथं पुढची खोली मागाची आणि उरलेली माणसांची. विड्या वळणाऱ्या बायकांचं सूप आणि पानं घरातच. कुंभारीला रे नगरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांना पंधरा हजार घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडला की या छोट्या घरांत सूप कुठं बसणार आणि शिलाई मशीन कुठं. घर म्हणजे फक्त राहायची जागा, ही कल्पना पगारदाराची आहे. माझी आहे. अण्णांची नाही.

आकडे बघितले की मला राग येतो, फक्त तो कुणावर काढायचा ते कळत नाही. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत एका मोटारगाडीच्या जागेचं माप अडीच मीटर बाय पाच मीटर आहे. म्हणजे साधारण १३४ चौरस फूट. अण्णांचं पेठेतलं दुकान दहा बाय दहा होतं. तिथं त्यांनी सव्वीस वर्षं काढली, त्यावर माझं इंजिनिअरिंग झालं. पुण्यात मी पहिली दोन वर्षं तिघांत जी खोली वाटून घेतली, तीही १३४ भरली नसती. डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकानं २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या किमतीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. गाडी आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ नुसती उभी असते, हे त्याचं लाडकं निरीक्षण. अण्णांच्या शटरमागं एवढा वेळ कुणीच नुसतं उभं नसतं.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू शेजारच्या आज्जींनी मांडली, शूप न वाचता. 'तुमचं दुकान आत, गाडी आमच्या वाटेवर. उद्या १०८ आली तर?' बरोबर आहे. अण्णा पेठेत जे भाडं भरत होते ते आता कुणी भरत नाही असं नाही. ते गल्ली भरते, रोज सहा फूट. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे, गाडी लावायची जागा दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. आपल्याकडंही मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी तसं बोलून दाखवलं. ती बातमी मी घरात वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, 'दाखवायची की. नकाशात हाय.' गंमत म्हणजे ते खरं आहे. कागदावर आमच्याएवढं नियमात बसणारं घर गल्लीत दुसरं नाही.

घरात यावर दोन तट पडले. बहिणीचं म्हणणं, अण्णांनी आता हायवेला गाळा घ्यावा, डिपॉझिट दादा भरेल. आईला वास नको होता. व्हार्निशचा वास देवघरापर्यंत येतो आणि मुळात त्या जागेत तिला झोका टांगायचा होता. हुक आहेच, असं ती प्रत्येक वेळी म्हणते. मला डिपॉझिटचं काही नव्हतं. पण अण्णा एकसष्टचे. गुडघे गेलेत. गाळा म्हणजे सकाळी जायचं, रात्री यायचं, दुपारी पाठ टेकायची नाही, आणि पहाटे चारचा टेंपो परत. वर्षभरात त्यांनी ते बंद केलं असतं आणि आम्ही सगळ्यांनी 'आता आराम करा' म्हटलं असतं. बंद केलेली माणसं मी बघितलीत, पारावर. त्यामुळं मी बहिणीला स्पष्ट सांगितलं, दुकान हलणार नाही, गाडी हलेल.

कुठं, हा प्रश्न उरला. देवळासमोरचं पटांगण तीन दिवस चाललं, चौथ्या दिवशी मांडव आला. मित्राच्या खताच्या गोडाऊनमागं लावली, तर पोती उतरवायच्या वेळी रोज फोन. बसस्टँडजवळ जागा आहे, पण रात्री गाडीवर कुणाचा डोळा नाही.

शेवटी आज्जींच्याच गोठ्यावर नजर गेली. गोठा म्हणण्यात पण अर्थ नव्हता. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडी विकली, मुलगा सोलापुरात, आत लाकडं आणि एक मोडकी पाभर. जुन्या पद्धतीत आपण जनावर आत बांधायचो आणि गाडी बाहेर, जू वर करून उभी करायचो. ते बरोबरच होतं, जीव होता तो आत. हे मी अण्णांना म्हटलं, तर ते म्हणाले, मग तिथं लाव, जा विचार.

आज्जींनी मला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि दोन अटी घातल्या. भाडं महिन्याला पाचशे, आणि त्यांच्या शेतातली मोटार जळाली तर मजुरी नाही, तांब्याचेच पैसे. दुसरी अट, गव्हाणीला हात लावायचा नाही. मी टेप घेऊन माप काढलं. गोठा चौदा फूट खोल, त्यात गव्हाण दोन फूट. आपल्या छोट्या गाड्या २००६ च्या करसवलतीपासून चार मीटरच्या आत कोंबून बसवलेल्या असतात, माझी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे तेरा फूट एक इंच. गव्हाण फोडली तर दार लागतं. नाही फोडली तर मागचा भाग फूटभर बाहेर.

'आज्जी, बैल तर नाहीत आता. दगड मी नीट रचून ठेवतो.'

'बैल नाही म्हणून गव्हाण फोडायची?' त्या म्हणाल्या. 'मग मुलगा नाही म्हणून खोली पण फोडू का?'

गाडी आता फूटभर बाहेर असते. दार उघडंच राहतं. अण्णांनी भंगारातला एक पत्रा वाकवून दारावर छज्जा करून दिलाय, त्यामुळं डिकी भिजत नाही. गल्ली बारा फूट मोकळी आहे आणि तुरीची ट्रॉली सरळ जाते. आज्जींची मोटार अजून जळाली नाही, आणि अण्णा म्हणतात त्या मुद्दाम सांभाळून चालवतात, अट साठवून ठेवलीय. ज्येष्ठी पौर्णिमेला, कारहुणवीला, सकाळी सातला खिडकीखालून हाक आली, गाडी तगीरी! त्यांना गव्हाण सारवायची होती. मी गाडी काढून दुपारपर्यंत परत गल्लीत लावली. त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही.