परतीच्या हेतूचा पुरावा

शेंगेन व्हिसा नाकारताना अर्जदाराला जो छापील नमुना दिला जातो, त्यात नकाराची कारणे एकाखाली एक दिलेली असतात आणि लागू असलेल्या कारणापुढे खूण केलेली असते. त्यांपैकी एक कारण असे की, व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्जदार परत जाईल याविषयी वाजवी शंका आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पेण–रोहा लोहमार्गावरील निडी येथील एका सहासष्ट वर्षांच्या स्त्रीच्या अर्जावर नेमकी हीच खूण होती. ही स्त्री प्रस्तुत लेखकाची आई असून, लग्न होऊन या गावी आल्यापासून सत्तेचाळीस वर्षांत ती सलग पंधरा दिवस निडीबाहेर राहिल्याचे घरात कोणालाही आठवत नाही.

प्रवासाचे कारण साधे होते. युरोपातील एका देशात राहणाऱ्या मुलीचे बाळंतपण जानेवारीत होते आणि सव्वा महिना उलटून बाळ थोडे बाळसे धरेपर्यंत आईने तेथे राहावे, असे ठरले होते. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातील २९ देशांच्या सामाईक क्षेत्रात अल्पकाळ राहण्याची परवानगी. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. प्रौढ व्यक्तीसाठी जून २०२४ पासून ९० युरो शुल्क आहे व अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आईच्या पारपत्रावर ‘ईसीआर’, म्हणजे नोकरीसाठी ठरावीक देशांत जाण्यापूर्वी शासनाची मंजुरी आवश्यक असल्याची नोंद होती. मुलीकडे युरोपात जाणाऱ्या पाहुण्याशी या नोंदीचा संबंध नसतो, तरीही गावात बहुतेकांनी नकाराचे खापर त्या नोंदीवरच फोडले.

खरी अडचण वेगळी होती. परतीच्या हेतूचा पुरावा म्हणून साधारणपणे नोकरीचे पत्र, रजेची मंजुरी, पगाराची चिठ्ठी, आयकर विवरणपत्र, बँकेतील गेल्या काही महिन्यांचे व्यवहार आणि मालमत्तेची कागदपत्रे पाहिली जातात. शेती करणाऱ्या विधवेला रजा देणारा कोणी नसतो. शेतीचे उत्पन्न तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) नुसार करमुक्त असल्याने तिच्या नावे विवरणपत्र नव्हते. आणि भाताचे व वालाचे पैसे हातात येऊन हातातूनच जात असल्याने तिच्या खात्यात दाखवण्याजोगे काही उरत नव्हते. राहिला सातबारा. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्काची आणि बारामध्ये पिकांची नोंद असते. त्यावर वडिलांचे नाव दोन चुलत्यांसह सामाईक खात्यात होते आणि वडील जाऊन सहा वर्षे झाली तरी वारस नोंदीचा फेरफार झालेला नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा ही पहिल्या वर्गातील वारस असून तिचा वाटा मुलांइतकाच असतो. परंतु हक्क कायद्यात असणे आणि नाव कागदावर असणे यांत जे अंतर पडले होते, त्यात हा अर्ज अडकला.

येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण ही गोष्ट अद्याप मनातून जात नाही. मार्चपर्यंत वालाची काढणी, मग राब भाजणे, जूनमध्ये पेरणी आणि जुलैत लावणी या क्रमात आईची जागा घेणारे घरात दुसरे कोणी नाही. बियाणे किती ठेवायचे, कोणत्या खाचरात पाणी किती दिवस धरायचे आणि लावणीला कोणाकोणाला बोलवायचे हे तीच ठरवते. म्हणजे परत येण्याचे जे कारण इतर कोणत्याही नोकरदारापेक्षा पक्के होते, तेच दाखवण्यास कागद नव्हता. पीकपाहणीत पिकाचे नाव येते, परंतु ते कोणाच्या हाताने लावले हे येत नाही. अर्जाच्या वेळी बोटांचे ठसे देताना यंत्राने तिची बोटे तीनदा नाकारली, कारण चिखलात आणि विळ्याच्या मुठीवर रेषा झिजून गेल्या होत्या. त्या खोलीत तिच्या कामाचा तेवढाच पुरावा होता आणि तो उणीव म्हणून गणला गेला.

तथापि शंका निराधार होती, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. बहीण विद्यार्थी म्हणून गेली तेव्हा शिक्षण संपताच परत येऊ असे तिने प्रांजळपणे लिहून दिले होते. पुढे तिला नोकरी मिळाली, तिने रीतसर परवाना घेतला आणि ती तेथेच स्थिरावली. यात कायद्याचा भंग नाही, पण लिहून दिलेला हेतू बदलतो हे या घरानेच दाखवून दिले आहे.

नकाराविरुद्ध अपील करता येते, परंतु ते त्या देशाच्या कायद्यानुसार चालते आणि बाळंतपण त्याची वाट पाहत नाही. अशा वेळी उणिवा दूर करून नव्याने अर्ज करणे बरे, असा सल्ला इतरांना देता येईल. वारस नोंद मात्र प्रवास ठरण्याची वाट न पाहता वेळीच करून घ्यावी. तरीही अपील करायला हवे होते, असे आजही वाटते, कारण नवा अर्ज केला की जुनी शंका मान्य केल्यासारखे होते.

नात आता चालू लागली आहे. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर आईचे नाव आले आहे आणि दुसरा अर्ज तयार आहे. तो एका रकान्यावर अडला आहे. पहिल्या अर्जात व्यवसायापुढे ‘गृहिणी’ असे लिहिले होते आणि ते कोणा दलालाने नव्हे, प्रस्तुत लेखकानेच लिहिले होते. या वेळी ‘शेतकरी’ लिहावे, असे आईचे म्हणणे आहे. बहिणीच्या मते तसे लिहिल्यास उत्पन्नाचा पुरावा पुन्हा मागितला जाईल. त्यापेक्षा मुलाच्या पगारावर अवलंबून असलेली गृहिणी दाखवणे सुरक्षित ठरेल. ज्या मुलाच्या घरचा तांदूळ आजही आईच्या शेतातून येतो, त्याची ती आश्रित असल्याचे त्यानेच सही करून लिहून द्यायचे आहे. तो रकाना अजून कोरा आहे.