पोथीखालचे अंक

गेल्या दिवाळीपूर्वी जालन्यातील कादराबादेच्या आमच्या जुन्या वाड्याची आवराआवर निघाली. माळ्यावर आजोबांची लोखंडी पेटी होती. आजोबा निजामी अमलातले वकील. कोर्टाचा सारा व्यवहार उर्दूत, घरचा मराठीत. पेटीत वर पारायणांनी कडा काळवंडलेला दासबोध, त्याखाली उर्दू दस्तऐवज, आणि अगदी तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेले एका मासिकाचे सहा अंक निघाले. मासिकाचे नाव 'समाजस्वास्थ्य'. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र होते. गाठ आमच्या धाकट्या सूनबाईंनी सोडली होती. त्यांना हसू आले. आम्ही मात्र लगबगीने फडके पुन्हा बांधावयास लागलो. तीस वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविलेल्या गृहस्थाचे हात असे वागावेत, याची आमची आम्हांसच लाज वाटली.

या मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, हे वाचकांस सांगणे नलगे. पिता धोंडो केशव गणिताचे प्राध्यापक, पुत्रही गणिताचे प्राध्यापक. पित्याने १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुड गावाने त्यांस वाळीत टाकले. पुढे त्याच पित्यास १९५८ साली 'भारतरत्न' मिळाले. पुत्राच्या वाट्यास मात्र फौजदारी खटले आले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवीत असता त्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२३ साली त्याच विषयावर पुस्तक लिहिले. प्रचार सोडावा की नोकरी, असा पेच पडला तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून, १९५३ च्या ऑक्टोबरात देह ठेवीपर्यंत, त्यांनी हे मासिक चालविले. संसार तुटपुंज्या मिळकतीचा होता. पण पत्नी मालतीबाई पाठीशी उभ्या राहिल्या.

अंक वाचावयास घेतले तेव्हा आम्हांस वाटले होते, की यात चावटपणा असेल. निघाले ते भलतेच. गणिताचा शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवितो त्याच थंड सुरात हा माणूस वाचकांच्या अत्यंत खाजगी शंकांना उत्तरे देतो. स्त्रीलाही कामसुखाची इच्छा असते व तिचा त्यावर हक्क आहे, असे तो एखादे समीकरण मांडावे तसे मांडतो. 'शारदेची पत्रे' या सदरात तो बाईचे नाव घेऊन राजकारणापासून रोजच्या चालीरीतींपर्यंत सर्वांचा समाचार घेतो. गांधीजी कृत्रिम साधनांना विरोध करून संयम सांगत. त्यांच्यावरही टीका करावयास तो कचरला नाही. १९३१, १९३४ व १९४० असे तीनदा त्याच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. दुसऱ्यात त्याची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. लैंगिक प्रश्नांची चर्चा म्हणजेच अश्लीलता नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा खरा, पण दंड चुकला नाही.

आता अंकांविषयी जी गोष्ट सांगावयाची आहे, ती सांगताना लेखणी अडखळते. १९३८ च्या एका अंकात, गर्भधारणा टाळण्याच्या साधनांविषयीच्या मजकुराशेजारी, पेन्सिलीची बारीक उभी रेघ आहे. आजोबांच्या दस्तऐवजांतही महत्त्वाच्या वाक्याशेजारी तशीच रेघ दिसते. म्हणजे अंक केवळ जपलेले नव्हते, वाचलेले होते. आणि आमची आजी १९४१ साली आठव्या बाळंतपणात गेली. वय चौतीस. बाळही तिसऱ्या दिवशी गेले.

आजी निरक्षर नव्हती. श्रावणात ती स्वतः पोथी वाचीत असे. रात्री दिव्यापाशी एक अंक तिच्यापुढे सरकविला असता तर? पण हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वाड्यात तेव्हा बावीस माणसे नांदत. वडीलधाऱ्यांदेखत नवराबायकोने दिवसा बोलण्याची चाल नव्हती. साधने आणावयाची तर मनमाडमार्गे मुंबई गाठावी लागे, आणि आणून ठेवावयाची कोठे? माजघरात कुलपाचे कपाट फक्त पणजीचे होते. शिवाय मुलगा होणे ही देवाची कृपा, आणि कृपेला नको म्हणणारे आपण कोण, ही समजूत. आजोबांनी मुंबईहून अंक आणविले हेच त्या काळी मोठे धाडस. पुढचे पाऊल त्यांच्याने टाकवले नाही. आम्ही त्यांस दोष देत नाही. पण त्यांची सुटकाही करीत नाही. औषध पेटीत होते आणि रोगी बाळंतिणीच्या खोलीत होता, एवढे खरे.

विशेष हे, की त्या अंकांवर जो ग्रंथ झाकण म्हणून ठेवला होता, तो काही कमी स्पष्टवक्ता नाही. समर्थ आमच्याच मुलखातले. १६०८ साली ते जांब येथे जन्मले, आणि ते गाव आज जालना जिल्ह्यातच आहे. दासबोधाचा तिसरा दशक जन्मदुःखाच्या निरूपणाने सुरू होतो. गर्भाची उत्पत्ती व उदरातील यातना तेथे काहीही न झाकता सांगितल्या आहेत. पुढे, पोरांचे लेंढार वाढले की संसाराची कशी दैना होते, तेही आहे. हे सर्व आमच्या घरी सुना-लेकींसमोर मोठ्याने वाचले जाई आणि कोणाची मान खाली जात नसे. समर्थ वैराग्यासाठी सांगतात, कर्वे संसार सुखाचा व्हावा म्हणून सांगतात. वैराग्यासाठी उच्चारलेला शब्द पवित्र आणि सुखासाठी उच्चारलेला तोच शब्द अश्लील, असा आमच्या घरांचा अलिखित कायदा दिसतो.

कर्व्यांचे सारेच आम्हांस पटते असे नव्हे. श्रद्धेची ते अशी टर उडवीत, की देवघर असलेल्या घरांनी दार लावून घेतले तर नवल नाही. परंतु आपल्या भित्रेपणाचे खापर त्यांच्या फटकळपणावर फोडणे बरे नाही. आमचेच उदाहरण घ्या. आम्हांस ना खटल्याची भीती होती, ना नोकरी जाण्याची. तरी पुनरुत्पादनाचा धडा आला की, "हा भाग घरी वाचून घ्या," असे म्हणून आम्ही दरवर्षी पुढच्या धड्यावर जात असू. एकदा अंबड तालुक्यातील एक विद्यार्थिनी तास संपल्यावर वही घेऊन आली. त्याच धड्यातील काही विचारावयाचे होते. "आईला विचार," असे आम्ही सांगितले. आईला अक्षरओळख नाही, असे ती खाली पाहून म्हणाली. आम्ही खडू ठेवून निघून आलो. पुढल्या सत्रात तिचे नाव पटावर नव्हते. लग्न झाल्याचे कळले. ती आज कोठे आहे ठाऊक नाही. सुखात असो. पण जो प्रश्न ती विचारणार होती तो आम्ही ऐकूनही घेतला नाही. आजोबांनी निदान रेघ तरी ओढली होती.

असो. ते सहा अंक आम्ही पुन्हा पेटीत ठेवले नाहीत. दिवाणखान्यातील फडताळात दासबोधाशेजारी ठेवले आहेत. थोरली नात यंदा बारावीला आहे. तिने विचारले, "आजोबा, मी वाचू का?" आम्ही म्हटले, "वाच. आणि न समजेल ते विचारावयास ये." सौभाग्यवतींनी काही न बोलता सहाही मुखपृष्ठांना खाकी कागदाची वेष्टने घातली. तेवढी तडजोड आम्ही मान्य केली आहे.