पोटाचे टाके

ऑपरेशन झालं की बाहेर बसलेली माणसं विचारतात, "गाठ निघाली का?" नाहीतर, "आतडं वाचलं का?" पोट कसं शिवलं, हे मला ३१ वर्षांत कुणीच विचारलं नाही. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात मी थिएटर सिस्टर होते. सर्जनच्या हातात सुई द्यायची, दोरा कापायचा, हे माझं काम. त्यामुळं शिवण मी अगदी जवळून बघितली.

लोकांना वाटतं, वरचे टाके म्हणजेच ऑपरेशनचे टाके. आठ-दहा दिवसांनी ते काढले की माणूस बरा झाला. पण पोट कातडीनं धरलेलं नसतं. ते धरतो आतला पांढरा, चिवट पडदा. मधोमध पोट उघडताना तो कापावा लागतो आणि शेवटी तोच शिवायचा असतो. तो जुळून यायला महिने लागतात, आणि आला तरी मूळची ताकद पुरती येत नाही. तिथं फट राहिली की आतडं नाहीतर चरबी पुढं येते. डॉक्टर त्याला इन्सिजनल हर्निया म्हणतात. आमच्याकडं म्हणतात, "टाक्याच्या जागी गोळा आला."

आमच्या थोरल्या काकूला तो आला होता. विषमज्वरात आतड्याला भोक पडलं, रात्रीच जीपमधनं जिल्ह्याला नेऊन पोट उघडलं. जीव वाचला, पण जखमेत पू झाला. पू झाला की दोरा शाबूत असूनही शिवण धरत नाही, कारण तो ज्यात ओवलाय ते मांसच मऊ पडतं. त्यात काकू घरी आल्यावर चौथ्या दिवशी विहिरीवर. "टाकं तर काढल्यात की, आता काय हुतंय मला?" दिवाळीपर्यंत बेंबीशेजारी लिंबाएवढा गोळा, पुढं तो नारळाएवढा झाला. जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाला आवळून ती खुरपायला जायची. खोकला आला की हातानं दाबून धरायची. लग्नाकार्याला जायचं तिनं सोडलं. अकरा वर्षं. "दाखवू या" म्हटलं की म्हणायची, "पुन्यांदा प्वाट फाडत्याल." शेवटी गोळा आत जाईना, कळा यायला लागल्या, तेव्हा कुठं तयार झाली. मग जाळी बसवली.

मी नोकरीला लागले तेव्हा मोठे टाके घ्यायची रीत होती. काठापासून एक सेंटिमीटर, दोन टाक्यांमध्ये एक सेंटिमीटर. जास्त मांस धरलं की पक्कं, असा समज. खरं तर इंग्लंडच्या जेन्किन्स नावाच्या सर्जननं १९७६ मध्येच हिशेब मांडला होता. ऑपरेशननंतर पोट फुगतं, तेव्हा जखमेची लांबी तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. दोरा काही वाढत नाही, मग तो मांस कापत जातो. म्हणून जखमेच्या निदान चौपट दोरा वापरावा.

आमच्याकडं हे एका तरुण सर्जननं आणलं. शिवून झालं की म्हणायचे, "सिस्टर, दोरा मोजा." वीस सेंटिमीटरची जखम असेल तर ऐंशी सेंटिमीटर तरी खर्ची पडायला हवा. मी उरलेला दोरा पट्टीवर धरून वजाबाकी करायची. नुसता पडदा धरून, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर बारीक टाके, तेही हळू विरघळणाऱ्या दोऱ्याचे. आवळायचं नाही, काठाला काठ जुळेल इतकंच. आवळलं की रक्त पोचत नाही. या शिवणीला थोडा जास्त वेळ लागतो, आणि ती नेमकी शेवटची, सगळ्यांचे पाय भरून आलेले असतात तेव्हाची. हॉलंडमध्ये ५६० जणांवर दोन्ही रीती ताडून बघितल्या. २०१५ साली त्याचा निकाल छापून आला. वर्षभरानं मोठ्या टाक्यांत २१ टक्क्यांना हर्निया, बारीक टाक्यांत १३ टक्क्यांना. अर्थात ती सगळी दिवस ठरवून केलेली ऑपरेशनं. आमच्याकडं निम्मी पोटं मध्यरात्री यायची.

आईला हे सांगितलं तर ती गोधडी शिवता शिवता हसली. "लांब टाकं घातल्यालं गोधडं पयल्या धुण्यात उसवतंय. ह्याला डाक्टर कशाला लागतोय?" गोधडीला खोकला येत नाही, एवढं मात्र तिला सांगावंसं वाटलं.

खोकला, बिडी, साखर, सुटलेलं पोट, कुंथणं, हे सगळं डॉक्टर सांगतातच. घरी जातानाच्या कागदावर एक ओळ असते, "जड वस्तू उचलू नये." जड म्हणजे काय, ते कुणी लिहीत नाही. बाईला भरलेला हंडा जड वाटतच नाही, तो रोजचाच. म्हणून मी कागद हातात द्यायच्या आधी विचारायची, "घरात पाणी कोण भरतं?" बाई गप्प. सासू म्हणायची, "हीच की." मग मी नवऱ्याला पुढं बोलवायची आणि त्याच्याच हातानं कागदाच्या मागं लिहून घ्यायची: हंडा, वैरणीचा भारा, दळणाचा डबा, कडेवरचं पोर. दीड-दोन महिने. एकानं विचारलं, "आन् तवर कोण करणार?"

"तुम्ही," मी म्हटलं.