पावणेतीन मिलिमीटर

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली. ‘तांत्रिक नको. किट आणून घरच्या घरी आगगाडीचा डबा कसा जोडायचा, एवढंच लिहा.’ अट वाजवी आहे. पण डबा जोडायला घेतल्यावर पहिला जो प्रश्न उभा राहतो तो तांत्रिकच असतो, आणि सातारा-सांगलीच्या माणसाला तर तो टाळताच येत नाही.

निमित्त ताजं आहे. गेल्या पावसाळ्यात सांगलीचे एक निवृत्त बँक कर्मचारी प्रस्तुत लेखकाकडे अर्धवट जोडलेला डबा घेऊन आले. महालक्ष्मी एक्स्प्रेसचा जुना स्लीपर डबा, पितळी किटमधला. घराच्या माडीवर ते मिरज जंक्शन उभं करत आहेत. डबा सरळ रुळावर नीट पळायचा आणि वळण आलं की घसरायचा. सोल्डरिंग अत्यंत स्वच्छ होतं, खिडक्यांचे आडवे गज एका ओळीत होते. तरी डबा घसरत होता.

किट म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यावर डब्याचा नकाशा छापतात आणि नको तो भाग आम्लाने खाऊन टाकतात. खिडक्या, दारं, पायऱ्या सगळं एका चौकटीत अडकलेलं हाती येतं. जिथे घडी घालायची तिथे पत्रा अर्ध्या जाडीपर्यंत खाल्लेला असतो. ही रेघ घडीच्या आतल्या बाजूला ठेवायची, घडी एकदाच घालायची आणि आतून सोल्डर फिरवून पक्की करायची. घडी उलगडून पुन्हा घातली की पत्रा तिथेच तुटतो. फ्लक्स लावल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने धुतलं नाही, तर काही दिवसांत हिरवट डाग रंगाखालून वर येतात. प्लॅस्टिकची किटं यापेक्षा सोपी, पण खिडक्यांचे गज प्लॅस्टिकमध्ये जाड येतात. इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, म्हणजे आयसीएफच्या, स्लीपर डब्याची ओळख तर त्या गजांतच आहे.

मापं १:८७ या प्रमाणात, म्हणजे जगभर ‘एचओ’ म्हणून चालतं त्या प्रमाणात. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा डबा प्रत्यक्षात २१,३३७ मिलिमीटर लांब आणि ३,२४५ मिलिमीटर रुंद. मॉडेलमध्ये तो २४५ मिलिमीटर लांब आणि ३७ मिलिमीटरहून जरा अधिक रुंद. चाक साडेदहा मिलिमीटरचं.

घसरण्याचं कारण डब्याखाली होतं. बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट. डब्याला अशा दोन असतात. दोन्ही बोगी घट्ट बसवल्या तर रुळातला बारीकसा उंचसखलपणा डब्याला पेलत नाही आणि एक चाक हवेत राहतं. म्हणून एक बोगी फक्त पुढेमागे झुलती ठेवायची, दुसरी डावीउजवीकडेही झुलू द्यायची. तिवई कुठल्याही जमिनीवर टेकते, तसं डब्याचं वजन मग तीन ठिकाणी टेकतं. वजनाचाही हिशेब आहे. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे एवढ्या लांबीचा डबा साधारण १६५ ग्रॅमचा हवा. हा बराच हलका होता. फरशीवर शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या, एक बोगी सैल केली, आणि डबा वळणावर धावू लागला. गृहस्थ खूश झाले. खरं दुखणं मात्र तिथेच होतं. डबा १६.५ मिलिमीटरच्या रुळावर उभा होता.

हा आकडा परदेशी आहे. गेज म्हणजे दोन रुळांमधलं आतलं अंतर. युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजला ८७ ने भागलं की १६.५ येतात, आणि दुकानात मिळणारा एचओ रूळ, सांधे, चाकं सगळं त्याच मापाचं असतं. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं. त्याला ८७ ने भागून सव्वाएकोणीस येतात. फरक पावणेतीन मिलिमीटर, म्हणजे रुंदीचा जवळजवळ सातवा भाग. घराच्या दारातून कुणी सातवा भाग कापून नेला तर ते चालेल का?

ऐकणारे म्हणतात, एवढं कुणाला दिसतंय? दिसतं. खऱ्या ब्रॉडगेज डब्याची रुंदी गेजच्या १.९ पट असते. १६.५ च्या रुळावर ती सव्वादोन पटींच्या पुढे जाते. मीटरगेजचा डबा सुमारे पावणेतीन मीटर रुंद, म्हणजे गेजच्या पावणेतीन पट. ब्रॉडगेजचा डबा चुकीच्या रुळावर ठेवला की त्याची ठेवण मीटरगेजकडे झुकते. तो वरून बोजड आणि खालून तोकडा दिसतो, आणि कारण सांगता आलं नाही तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं.

दुसरीकडे कुठे हे खपून जाईलही. मिरजेत खपत नाही. दक्षिण मराठा रेल्वेने पुण्याहून सातारा रोड, कऱ्हाडकडून मिरजेला आणलेला रूळ मीटरगेजचा होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीत सुरू झाली आणि पंढरपूरवरून १९२७ मध्ये मिरजेला पोचली. तिचं गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. लोंढ्याकडचं मीटरगेज नव्वदच्या दशकापर्यंत राहिलं, बार्शीची नॅरोगेज २००८ पर्यंत. म्हणजे वीसेक वर्षं तरी एकाच जंक्शनात तीन मापांचे रूळ शेजारी नांदले. गाडी बदलताना डबा, पायरीची उंची, रुळाचा आवाज सगळंच बदलायचं. मिरजेचं मिरजपण त्यात होतं.

आता गणित पाहा. १:८७ मध्ये मीटरगेज साडेअकरा मिलिमीटरचं होतं आणि बाजारात बारा मिलिमीटरचा रूळ मिळतो. नॅरोगेज पावणेनऊ होतं आणि नऊचा रूळ मिळतो. धाकटे दोघे जवळपास बिनचूक बसतात आणि थोरल्याचीच रुंदी छाटली जाते. तीन रूळ शेजारी मांडले की ही चूक लपवायला जागाच उरत नाही.

वाद आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये १:७६.२ ची मॉडेलं सर्रास १६.५ च्या रुळावर धावतात, आणि तिथल्या काटेकोर मंडळींनी १८.८३ मिलिमीटरचा आपला वेगळा संसार थाटला आहे. समोरच्यांचा युक्तिवादही पोकळ नाही. योग्य गेज धरलं की तयार सांधा मिळत नाही, क्रॉसिंगचं नाक कानशीने घासून बसवावं लागतं, आणि आपला डबा दुसऱ्या कुणाच्या रुळावर धावत नाही. १६.५ वाल्यांच्या गाड्या रविवारी दुपारी धावत असतात, त्या वेळी सव्वाएकोणीसवाले अजून रूळच ठोकत असतात. प्रस्तुत लेखकाला हे दिसतं आणि कधीकधी रात्री छळतंही. मत मात्र बदललेलं नाही.

त्यात लोकांचा समज असा की हे लहान मुलांचं खेळणं आहे. प्रदर्शनात डबा उचलून ‘आवाज करतो का?’ असं विचारणारे भेटतात, आणि पत्र्याची पायरी अंगठ्याखाली वाकते. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. या भागातल्या किती मुलांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. पाहिलेल्यांना हे काम कशाचं असतं ते निदान उमगतं. मॉडेल हा मापात ठेवलेला दस्तऐवज आहे. कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोडवरून जाणारी अडीच फुटी गाडी आता कुठेच दिसणार नाही. त्याच वाटेवर ब्रॉडगेज पडली, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची ‘जलदूत’ धावू शकली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. नॅरोगेजवरून ते पाणी गेलं नसतं. गेजच्या आकड्याने माणसांच्या आयुष्यात काय फरक पडतो, ते आणखी कसं सांगायचं?

सांगलीच्या गृहस्थांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी दोन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन परत आले. कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून पोलादी आस नव्याने कातून घेतले, नेहमीच्या आसाहून पावणेतीन मिलिमीटर लांब, दोन्ही टोकं सुईसारखी. चाकं जुनीच. दोन चाकांच्या आतल्या अंगांतलं अंतर साधारण साडेचौदाचं सव्वासतरा झालं. बोगीच्या बाजूच्या पट्ट्या कापून बाहेर सरकवाव्या लागल्या. बोगीतल्या दोन आसांतलं ३३ मिलिमीटरचं अंतर मात्र तसंच राखलं. डबा आता पाय रोवून उभा राहतो.

उरला रंग. त्यांना तो निळा हवा आहे, कारण नातवंडांनी महालक्ष्मी निळीच पाहिली. पण तिन्ही गेज एकत्र होती त्या काळात आपले डबे विटकरी लाल होते. निळा रंग नव्वदच्या दशकातला. शेजारच्या रुळावर लोंढ्याची मीटरगेज उभी करायची असेल तर डबा लालच रंगवावा लागेल. प्रायमर मारून झाला आहे. लाल रंग किंचित फिकट मिसळला आहे, कारण लहान आकारावर मूळ छटा असते त्याहून गडद दिसते. त्यांचं उत्तर आलं की एअरब्रश सुरू करायचा.