वय वर्षे पन्नास, पंचावन्न, साठ...

लग्नाकार्यात कोणी "तू नक्की काय शिकलीस गं?" असं विचारलं, की मी हल्ली "स्टॅटिस्टिक्ससारखंच काहीतरी" असं सांगून मोकळी होते. लोकसंख्याशास्त्र म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे कुटुंबनियोजन?" एका काकांना तर बरीच वर्षं वाटत होतं की मी लाल त्रिकोण घेऊन गावोगाव फिरते. :)

तर आज जरा सविस्तर सांगते.

मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ साली सुरू झालेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था करते. तिथे दोन वर्षं शिकले. पहिल्याच महिन्यात कळलं की हा विषय माणसं मोजण्याचा कमी आणि माणसं काय सांगतात ते ओळखण्याचा जास्त आहे.

उदाहरणार्थ वय. खेड्यात पन्नाशीच्या बाईला वय विचारा, ती ५० म्हणेल, ५५ म्हणेल, पण ५३ म्हणणार नाही. जनगणनेचे आकडे वयानुसार मांडले की शून्य आणि पाचवर उंच सुळके दिसतात. हा गोंधळ किती आहे ते मोजायला व्हिपलचा निर्देशांक असतो. सगळं ठीक असेल तर १००, आणि सगळ्यांनीच वय शून्यात किंवा पाचात सांगितलं तर ५००. आमची आजी सलग चार वर्षं ८० वर्षांची होती.

दुसरी गंमत आयुर्मानाची. (गंमत कसली म्हणा!) "पूर्वीची माणसं काटक, नव्वद-नव्वद वर्षं जगायची" असं म्हणणारे आपल्याकडे घरटी एक. आणि १९४१-५१ या दशकातलं भारतीयांचं सरासरी आयुर्मान होतं जेमतेम ३२. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सगळे तिशीत जात नव्हते, जाणारे फार लवकर जात होते, कित्येक तर वर्षाच्या आत. जे तरले त्यांनाच आपण पाहिलं, म्हणून ते काटक. आयुष्य-सारणी करताना एक लाख काल्पनिक बाळं घ्यायची आणि वर्षावर्षाने किती उरली ते लिहीत जायचं. पहिल्या ओळीतून दुसरीत जातानाच मोठी वजाबाकी. मी ती गणितं रेडिओ ऐकत करायचे.

मग प्रश्नावली शिकवली. बाईला "मुलं किती?" असं एकदम विचारायचंच नसतं. तुमच्याजवळ राहणारी मुलगे-मुली किती, बाहेर राहणारी किती, आणि मग, जिवंत जन्मून नंतर गेलेलं मूल आहे का? "नाही" म्हणाली तरी थांबायचं नाही. पुन्हा विचारायचं, जन्मल्यावर रडलं, थोडी हालचाल केली, पण वाचलं नाही, असं एखादं? विल्यम ब्रास नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं की जन्म-मृत्यूची नोंद धड नसलेल्या देशातही आईचं वय, झालेली मुलं आणि हयात मुलं एवढ्यावरून बालमृत्यूचा अंदाज बांधता येतो. पण मुलं खरी मोजली गेली तर!

२०१२ च्या दिवाळीत सराव म्हणून आजीला बसवलं. सर्वेक्षणाच्या नियमात ती बसत नव्हती, तिथे १५ ते ४९ वयाच्याच बायका. पण घरात सापडली तीच. आजीला पाच मुलं, हे आम्हा सगळ्यांना पाठ. जवळ राहणारे एक, बाहेर चार. गेलेलं कोणी? "नाही गं." मग मी कागदावरचा पुढचा प्रश्न जसाच्या तसा वाचला.

आजी लसूण सोलत होती. म्हणाली, "तशी दोन. एक पावसाळ्यातली मुलगी, तिचं बारसं नव्हतं झालं. एक मुलगा, तीन दिवसांचा. तुझ्या बाबाच्या आधीची दोन्ही."

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. साठ वर्षं या घरातले थोरले. ते उठून आत आले, काही बोलले नाहीत, तिच्यासमोर बसून लसूण सोलायला लागले.

रात्री मी त्यांना विचारलं, गेल्या वर्षी जनगणनेवाले आले तेव्हा आजीची माहिती कोणी दिली होती? तो फॉर्मही झालेली मुलं आणि हयात मुलं वेगवेगळी विचारतो.

"मीच दिली," बाबा म्हणाले. "दोन्हीकडे पाच."